विसावा चिमटा

नागासाकी
६ जानेवारी, रविवार

रेइजीदादा,

थंडी आहे, पण बर्फ पडलेला नाही. पत्राची सुरुवात हवेने करावी, असं देगुचीबाईंनी आपल्याला शिकवलं होतं. त्यापुढे काय लिहावं ते मात्र सांगितलं नव्हतं. त्यांचा विषय अबॅकस, पत्रलेखन नव्हे.

तू पाठवलेली दिनवही वीस डिसेंबरला मिळाली. दरवर्षी त्याच तारखेला मिळते. तेच काळं चामड्याचं आवरण, कोपऱ्यात सोनेरी अक्षरांत माझं नाव. चिठ्ठी यंदाही नव्हती. मी वेष्टणाचा कागद उलटा करून पाहिला. चिठ्ठी नाही म्हणजे तू अजून रागावलेला आहेस आणि दिनवही आली म्हणजे तू बरा आहेस, असा हिशेब मी तीन वर्षं करत आलो आहे. या वर्षी वाटलं, आभार मानायला हवेत. पत्राला कारण एवढंच.

खरं सांगायचं तर पहिल्या वर्षीची दिनवही मी अकरा जानेवारीपर्यंत भरली, दुसऱ्या वर्षीची चार तारखेपर्यंत. दोष वहीचा नाही. तू शिकवलंस तसे अर्ध्या अर्ध्या तासाचे चौकोन मी आखले होते. साडेसात ते आठ न्याहारी. न्याहारी सात चाळीसला संपली की उरलेल्या वीस मिनिटांचं काय करायचं या काळजीत मी तसाच बसून राहायचो. आणि कधी आठ वाजून पाच मिनिटं झाली की वाटायचं, दिवस हातचा गेला. मग उरलेला दिवस मी खरोखरच घालवायचो. तुला हे चौकोन कसे जमतात ते मला कधी कळलं नाही. तू पाच मिनिटं आधी उठून घड्याळाचा गजर वाजायची वाट पाहायचास.

पण या वेळी सांगण्यासारखं काही आहे. ऑक्टोबरपासून मला काम आहे. चढणीच्या पायथ्याशी मोतोमुराकाकूंचं डब्यांचं स्वयंपाकघर आहे ना, तिथे. वर पायऱ्या-पायऱ्यांनी राहणारी एकटी म्हातारी माणसं, जिथे गाडी जात नाही, त्यांना दुपारचा डबा पोचवायचा. एकोणीस घरं आहेत. मार्चअखेरपर्यंत मी कच्चा, त्यानंतर काकू ठरवणार. आजवर कुठल्याच कामावर मी तीन महिने टिकलो नव्हतो, ते तुला ठाऊक आहेच. म्हणून मार्चअखेर माझ्या डोक्यातून हलत नाही.

हे पत्र मी तिसऱ्यांदा उतरवून काढतो आहे. चार शब्द शब्दकोशात पाहिले.

कोहेई


२० जानेवारी, रविवार

रेइजीदादा,

कालपासून वारा आहे. बंदरावरच्या घारी एका जागी तरंगत राहतात, पुढे सरकत नाहीत.

तुझं उत्तर आलं नाही. कारखान्यात वर्षाच्या सुरुवातीला काम फार असतं, हे मी समजतो.

मी दोन चुका केल्या, त्या आधीच लिहून टाकतो. नोव्हेंबरमध्ये दोन डब्यांची अदलाबदल झाली. हामासाकीआजोबांना मऊ भाताचा डबा गेला आणि ज्यांना चावता येत नाही त्यांना तळलेला मासा. हामासाकीआजोबा म्हणजे गोदीत पन्नास वर्षं काम केलेले, ऐकायला कमी येतं ते. अजून रोज दारात गाठतात. "काय रे, आज तरी माझाच डबा ना? परवा मला बिनदाताचा भात खायला घातलास. माझे बत्तीसच्या बत्तीस आहेत, फक्त ते कपाटात ठेवलेत."

दुसरी चूक डिसेंबरातली. मी एक घर विसरलोच. काकू म्हणाल्या, माणूस उपाशी राहिला तर तो माझ्या स्वयंपाकघराचा उपवास. त्यांनी ओरडायला हवं होतं.

मी दिनवहीत यादी करून पाहिली. पण दोन्ही हातांत डबे असताना वही काढायची कशी, आणि काढली की थांबावं लागतं, थांबलो की वाटतं मागचं घर झालं की नाही. मग मी दोनदा खाली उतरून खात्री करून आलो. एकशे चाळीस पायऱ्या.

शेवटी जे जमलं ते असं. वाळत घातलेले कपडे काढताना मी चिमटे नेहमी डाव्या बाहीला लावत जातो. आईची सवय. तुला आठवत असेल, ती तशीच बाजारात जायची. तर मी लाकडाचे एकोणीस चिमटे घेतले, प्रत्येकावर शाईने आडनाव लिहिलं आणि पाठीवरच्या टोपलीच्या डाव्या पट्ट्याला खालून वर, घरांच्या क्रमाने लावले. घर झालं की चिमटा उजव्या पट्ट्यावर. वही नाही, घड्याळ नाही. मान वळवली की कळतं. बारा दिवस झाले, एक चूक नाही. काकूंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "झाड झालंय तुझं. आता पाखरं बसतील."

चुकीचं काही केलं की हामासाकीआजोबा आपल्या गोदीची रीत सांगतात. ओझं उचलण्याआधी त्याच्याकडे बोट दाखवायचं आणि काय पाहिलं ते मोठ्याने म्हणायचं. "डोळा खोटं बोलतो, हात आळशी असतो. पण डोळा, बोट आणि तोंड तिघं एकत्र असले की सहसा फसत नाहीत." मी बोट दाखवतो. म्हणतो मात्र मनातल्या मनात. भर पायऱ्यांवर मोठ्याने हाका मारायला मला जमत नाही. तसंही चालतं.

देगुचीबाई माझ्या यादीत नवव्या. त्या सोमवार, बुधवार, शुक्रवार डबा घेतात, बाकीचे दिवस स्वतः रांधतात. पण चढणीवरच्या मंडळाने एकट्या माणसांसाठी निळे पंचे वाटलेत. सकाळी आठच्या आत पंचा दाराबाहेर लावायचा. म्हणजे मी ठीक आहे. संध्याकाळी आत घ्यायचा. ज्या दिवशी डबा नसतो त्या दिवशीही मी जाता जाता पंचा पाहायचा, हे माझ्याकडे आहे. पंचा दिसला की चिमटा उजवीकडे.

बाई तुझी चौकशी करतात. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांत तुझ्याइतका वेगवान कुणी झाला नाही म्हणतात. मी मणी सरळ ओळीत लावण्यात वेळ घालवायचो, तेही त्यांना आठवतं.

कोहेई


१४ फेब्रुवारी, गुरुवार

रेइजीदादा,

आज रविवार नाही, तरी लिहितो आहे. काल संध्याकाळपासून पाऊस होता, पहाटेआधी थांबला. आज कोरडं ऊन आहे.

एक तास बावन्न मिनिटं. एकोणीस घरं. आजवर दोन तासांच्या खाली मी कधी आलो नव्हतो. तुला आकडे आवडतात म्हणून पहिल्यांदा आकडा लिहिला. खाली पोचलो तेव्हा सगळे चिमटे उजवीकडे होते आणि मोतोमुराकाकू भांडी घासत होत्या. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हात पुसून मला चहा दिला. कामावर असताना त्यांनी मला बसून चहा पहिल्यांदा दिला. मला वाटतं मार्चअखेरचं आता अवघड नाही.

आज बायकांनी चॉकलेट द्यायचा दिवस, म्हणून काकूंनी प्रत्येकासाठी एक एक चॉकलेट दिलं होतं. हामासाकीआजोबा म्हणाले, "सत्तावन्न साली एकीने दिलं होतं, तिच्याशीच लग्न करावं लागलं. तुझ्या काकूला सांग, विचार करून दे."

देगुचीबाईंचं चॉकलेट माझ्या खिशात राहिलं. आज त्यांचा डबा नव्हता. पंचा बाहेर होता, बोट दाखवलं, पुढे गेलो. तिथे थांबून दार वाजवलं असतं तर पाच मिनिटं गेली असती, बाई सोडतच नाहीत. उद्या डब्याबरोबर देईन. पंचा ओला होता. सकाळीच धुऊन लावला असणार. त्यांचं सगळं असंच स्वच्छ.

मला माझी रीत सापडली आहे, दादा. ती तुझ्यासारखी नाही, पण चालते. हे तुला सांगायचं होतं.

कोहेई


१७ फेब्रुवारी, रविवार

रेइजीदादा,

हवा कालच्यासारखीच.

देगुचीबाईंना जरा बरं नाही. इस्पितळात आहेत. काळजीचं कारण नाही असं डॉक्टर म्हणतात. बाकी सगळं ठीक.

कोहेई


२४ फेब्रुवारी, रविवार

रेइजीदादा,

मागचं पत्र खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. "काळजीचं कारण नाही" हे डॉक्टर बाईंना म्हणाले होते, मला नाही. हे पत्र मी एकदाच लिहितो आहे, उतरवून काढणार नाही. उतरवताना मी काय काय गाळतो ते मला आता कळलं आहे.

पंधरा तारखेला, शुक्रवारी, मी बाईंचा डबा घेऊन गेलो. पंचा बाहेर होता. दार वाजवलं, आवाज नाही. दाराला कडी नव्हती. आत बाई कपाटाशेजारी जमिनीवर होत्या. खाली शेगडी असलेल्या बुटक्या मेजावरची रजई ओढून त्यांनी अंगावर घेतली होती. ओठ पांढरे. मला पाहून म्हणाल्या, "कोहेई, म्हणजे आज शुक्रवार."

त्या बुधवारी संध्याकाळी पडल्या होत्या. पंचा लावून आत येताना पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. पंचा बुधवारी संध्याकाळीच लावलेला होता, दादा. सकाळी त्यांचे गुडघे धरतात, आठच्या आत दारापर्यंत जाववत नाही. आठ वाजून गेले आणि पंचा नसला तर मंडळाची माणसं धापा टाकत वर येतात. त्यांना त्रास कशाला, म्हणून बाई गेलं वर्षभर आदल्या संध्याकाळीच पंचा लावून ठेवत होत्या. कुणाला सांगितलं नव्हतं. बुधवारचा पाऊस त्या पंच्यावर पडला होता. मी तो ओला पाहिला. ऊन कोरडं आहे हेही पाहिलं. दोन्ही गोष्टी तुला लिहून कळवल्या, आणि मला काही कळलं नाही.

रुग्णवाहिकेची माणसं त्यांना पायऱ्यांवरून पाठीवर घेऊन उतरत होती. मी शेजारून चालत होतो. तेव्हा त्या म्हणाल्या, "गुरुवारी तुझी पावलं ऐकली मी. घाईत होतास. म्हणून हाक नाही मारली."

एवढंच म्हणाल्या. रागाने नाही. उशीर झालेल्या मुलाला "ये, बस" म्हणायच्या तशा आवाजात.

मी चूक कबूल करणारं रीतसर पत्र लिहून मोतोमुराकाकूंना दिलं आणि काम सोडतो म्हणालो. पाच वेळा लिहिलं होतं, शाईचा डागही नव्हता. काकूंनी ते उभ्या उभ्या वाचलं. म्हणाल्या, "अक्षर एक चुकलेलं नाही. पण यात बाई कुठे आहेत?" मी पुन्हा पाहिलं. मी सगळीकडे "नवव्या क्रमांकाचे ग्राहक" असं लिहिलं होतं.

मग त्या म्हणाल्या, "सोडायचं तर सोड. पण उरलेल्या अठरांच्या दारात उद्या कोण जाणार ते सांगून जा." दुसऱ्या दिवशी मीच गेलो.

आता असं करतो. प्रत्येक दारात बोट दाखवून नाव घेऊन मोठ्याने हाक मारतो आणि आतून शब्द येईपर्यंत उभा राहतो. पंचा असो, डबा उचललेला असो, टीव्ही चालू असो. शब्द आला की चिमटा उजवीकडे. खाली आल्यावर कोण काय बोललं ते तुझ्या दिनवहीत लिहितो. अर्ध्या तासांचे चौकोन मी आडवे खोडले आणि तिथे आडनावं घातली. हामासाकी: अजून मेलो नाही, मासा खारट. मोरियामा: मांजर दोन दिवस आलेलं नाही. इवानागा: आज कुणाशी बोलले ते तुझ्याशीच. पहिल्यांदा तुझी वही अकरा जानेवारीच्या पुढे गेली आहे.

फेरीला पावणेतीन तास लागतात. काकू करवादल्या की शेवटच्या घरांची जेवायची वेळ टळते, म्हणून मी चाळीस मिनिटं आधी निघतो. बाईंचा चिमटा डावीकडेच आहे. तो तसाच घेऊन फिरतो.

हाक मारणं मला का जमत नव्हतं, ते तुला माहीत आहे. तू नागोयाला कामासाठी गेलास असं मी सगळ्यांना सांगतो. ते तसं नव्हतं. आई गेल्यावर तू दोन वर्षं माझ्यासाठी इथेच राहिलास. भिंतीवर माझा दिनक्रम लावलास, रोज सकाळी जिन्याखालून मला हाका मारल्यास. मी पाचवं काम घालवलं त्या दिवशी तू म्हणालास, "तुला हाका मारण्यातच माझा जन्म जायचा." आणि मी म्हणालो, "मग जा. पुन्हा हाक मारू नकोस." तो कागद मी भिंतीवरून फाडला. तू दुसऱ्या आठवड्यात गेलास, आणि मी सांगितलं ते अक्षरशः पाळलंस. फक्त वही पाठवत राहिलास.

तेव्हापासून घरात मोठ्याने कुणी बोललेलं नाही. मी एकटा असतो, बोलणार कोण.

बाईंना तू एक पत्र लिहिलंस तर बरं होईल.

कोहेई


१० मार्च, रविवार

रेइजीदादा,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. तरी रविवार आहे, म्हणून लिहितो आहे.

मंगळवारी एक जाड लिफाफा आला. वर तुझ्या कारखान्याच्या वसतिगृहाचा पत्ता पाहून मी चपला न काढताच आत गेलो. आत माझीच पाचही पत्रं होती, न फोडलेली. रखवालदाराने चिठ्ठी जोडली होती. रेइजी उराकावा गेल्या जूनमध्ये काम सोडून गेले, पुढचा पत्ता दिला नाही, पत्रं न्यायला कधीतरी येतील म्हणून ठेवून घेतली होती, उशिराबद्दल क्षमा असावी.

जूनमध्ये. आणि वही डिसेंबरात आली.

वहीच्या मागच्या पानावर दुकानाचा क्रमांक होता, तिथे फोन केला. तिकडची बाई फार अदबीने बोलत होती. तिने सांगितलं की मागणी तीन वर्षांपूर्वी एकदाच नोंदवली आहे, सलग पाच वर्षांची, दर वीस डिसेंबरला पोचवायची. आणखी दोन येतील, काळजी नसावी, असं ती म्हणाली. मी आभार मानून फोन ठेवला.

म्हणजे तूही पंचा आदल्या संध्याकाळीच लावून ठेवला होतास.

तीन वर्षं मी तुझ्या दारावरून जाता जाता बोट दाखवून पुढे जात होतो.

आज इस्पितळात बाईंना हे सांगितलं. सांगणार नव्हतो, पण त्यांनी विचारलं, रेइजीचं काही आलं का. पांघरुणावर त्यांची बोटं हलत होती, मणी सरकवावेत तशी. मग म्हणाल्या, "त्याने सांगू नका म्हटलं होतं." त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "मीही पंच्याचं कुणाला सांगितलं नव्हतं. काय उपयोग झाला? जा. माझ्या अबॅकसच्या पेटीखाली नव्या वर्षाची कार्डं आहेत."

तुझं कार्ड वरूनच तिसरं होतं. मी ते वाचलं, याबद्दल माफ कर. इथे उतरवून ठेवतो, कारण ते वाचल्याचं तुझ्यापासून लपवायचं नाही.

"बाई, नव्या वर्षाच्या शुभेच्छा. जूनमध्ये काम सोडलं. सकाळी उठवत नाही. पाच घड्याळं लावून पाहिली. वरच्या पत्त्यावर राहतो, बाकी ठीक. कोहेईला सांगू नका. त्याच्यासमोर मी फार ऐट मिरवली आहे."

दादा, तुला उठवत नाही, हे मला कधी सुचलंच नसतं. मी इथे माझी रीत सापडल्याच्या बढाया लिहीत होतो, तुझ्या रीतीपेक्षा वेगळी म्हणून. तुझी रीत केव्हाच मोडली होती.

ते वाचून झाल्यावर मी घरी आलो. आधी पत्र लिहून पाठवावं असं वाटलं, नव्या पत्त्यावर. दोन ओळी लिहिल्याही. मग लक्षात आलं की पत्र पोचलं की नाही हे पाहायला मी पुन्हा इथेच बसून राहणार.

मी आणखी एक चिमटा आणला आहे. त्यावर आडनाव लिहिता येईना, ते आपलं दोघांचं एकच. म्हणून "रेइजी" लिहिलं.

कोहेई


नागोया
२१ मार्च, गुरुवार, सुट्टीचा दिवस

रेइजीदादा,

ऊन आहे. इथे समुद्र दिसत नाही, त्यामुळे वारा कुठून येतो ते कळत नाही.

मी तुझ्या इमारतीच्या जिन्यावर बसलो आहे, दुसऱ्या मजल्याच्या खालच्या वळणावर. तुझं दार इथून दिसतं. पहाटेच्या गाडीने निघालो, दोन गाड्या बदलल्या, साडेअकराला पोचलो. सुट्टीमुळे आज डबे नाहीत. उद्या शुक्रवार, उद्याची रजा मागितली तेव्हा काकू म्हणाल्या, "फेरी माझ्याकडे दे. चिमटे मात्र ठेवून जा, मला अठरा नावं पाठ नाहीत." हामासाकीआजोबांनी तुझ्यासाठी वाळवलेले मासे दिले आहेत. म्हणाले, "तुझ्या भावाला दात आहेत ना? मग हेच दे." मार्चअखेरचं काकूंनी अजून काही सांगितलेलं नाही. मीही विचारलेलं नाही.

बाई वॉकर धरून चार पावलं चालल्या. त्यांचा चिमटा मी त्यांनाच दिला. उशीला लावून ठेवलाय त्यांनी. म्हणाल्या, घरी जाईन त्या दिवशी तूच हलव.

मी जिन्यावर का बसलो आहे ते सांगतो. मघाशी दारापर्यंत गेलो होतो. पत्रपेटीवर नाव नाही. पडदे ओढलेले आहेत. विजेचा मीटर फिरतो आहे, हळूहळू. तो पाहून मला इतकं बरं वाटलं की मी दोन पायऱ्या खालीसुद्धा उतरलो. मीटर फिरतोय म्हणजे दादा आत आहे, ठीक आहे, पत्रं टाकून मासे दाराला टांगून निघावं, चारच्या गाडीने घरी. तिसऱ्या पायरीवर थांबलो. पंचा बाहेर आहे म्हणून मी एकदा निघून गेलो होतो.

म्हणून इथे बसून आधी हे लिहितो आहे, धीर येईपर्यंत. इतकी माणसं मला रोज दारातून शब्द देतात, पण ज्याने मला आयुष्यभर हाका मारल्या त्याला हाक मारायची म्हटलं तर मी पायऱ्या उतरू लागतो. मीच नको म्हणालो होतो ना. ते शब्द मागे घेण्यासाठी शब्दकोशात काय शोधायचं ते मला सापडलं नाही.

ही सगळी पत्रं एका दोऱ्याने बांधली आहेत. ती आत सरकवतो. वाचायची असतील तर वाच, नसतील तर राहू दे. तुझ्या आजच्या दिवसात मला कुठलाही चौकोन नको आहे. तू उठलास का, कितीला उठलास, हे मी विचारणार नाही. दार नाही उघडलंस तरी चालेल. आतून एक शब्द दे. कुठलाही चालतो. मोरियामाआजी नुसतं "हं" म्हणतात, तेही मी वहीत लिहितो.

तुझा चिमटा माझ्या कोटाच्या डाव्या बाहीला आहे. आता उठतो. बोट दाखवतो आणि मोठ्याने हाक मारतो. शेजारी बाहेर आले तर येऊ देत.

तुझा आवाज यायला वेळ लागला तरी लागू दे. मी आज घाईत नाही.

कोहेई